उजव्या बाजूचं चाक

डावं चाक बसलं. मिस्त्रींनी नट आवळले, मी हाताने झोका दिला, आणि ते काही आवाज न करता बराच वेळ गोल फिरत राहिलं. मग आम्ही दोघं गाडीला वळसा घालून उजव्या बाजूला आलो. तिथेही तोच ब्रेक, तसेच पाच बोल्ट, तसंच चाक. नट आवळून झाल्यावर मी झोका दिला, तर चाक जेमतेम अर्धं फिरलं, खर्र वाजलं आणि अडकलं.

"फिरव ना बे," मिस्त्री म्हणाले.

"फिरून नाई राह्यलं."

"सकाळी जेवला नाई का?"

मी पुन्हा जोर लावला. पुन्हा खर्र. ओसरीत खाटेवर पाय लांब करून बसलेले बाबा मान वर न करता म्हणाले, "काय घासून राह्यलं?"

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी मिस्त्रींकडे पाहिलं. चाकाची मापं मी घेतली होती.

मी अमरावतीला बी.एस्सी. करतो. विषय वनस्पतिशास्त्र. आमच्या घरातून कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच, त्यामुळे कॉलेजात काय काय शिकवत असतील याबद्दल घरच्यांचा अंदाज फार मोठा आहे. विहिरीवरची मोटर बंद पडली तर मला विचारतात. आजोळच्या म्हशीने चारा सोडला तर फोन मला येतो. "हे आम्हाला नसतं" असं सांगायला गेलो की समोरच्याच्या चेहऱ्यावर शंका उमटते, की मग हा पोरगा तिथे करतो तरी काय. म्हणून मी बहुतेक वेळा थोडा थांबतो आणि "पाहतो" म्हणतो. ब्रेकच्या वेळीही मी "पाहतो" असंच म्हणालो होतो.

गाडी म्हणजे आमची जुनी पिकअप. पुढे दोघांपुरती केबिन, मागे उघडा डाला. माझ्या आजोबांनी, म्हणजे आबाजींनी, घरची शेवटची बैलजोडी विकून ती घेतली. आमचं गाव सोनाळ्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. त्या काळी आमच्या भागात बैल विकून गाडी घेणं लोकांना विचित्र वाटलं असावं, आणि आबाजींनाही आतून थोडं वाटलंच असावं. कारण त्या वर्षी पोळा आला तेव्हा त्यांनी शिंगांना लावतात तो लाल आणि पिवळा रंग आणला, पुढची दोन चाकं रंगवली, बॉनेटवर झूल टाकली आणि गाडी नेऊन तोरणाखालच्या बैलांच्या रांगेत शेवटी उभी केली. पहिल्या वर्षी लोक हसले म्हणतात. नंतर सवय झाली. आता गाडी यायला उशीर झाला तर कोणीतरी ओरडून विचारतं, "शेवटची जोडी कुठं अडकली बे?"

आमच्या घरात पुढची दोन चाकं ही जोडीच आहे. मागची चाकं कुठली कुठे बदलली गेली, पण पुढचं उजवं ते उजवंच आणि डावं ते डावंच. उजव्या बाजूला जुंपायची सवय असलेला बैल डावीकडे जुंपला तर नीट चालत नाही, म्हणून नांगराला, वखराला, गाडीला त्याची बाजू कायम असते. आबाजींनी तेच चाकांना लावलं, आणि बाबांनी ते पुढे चालू ठेवलं. पंक्चर काढायला दोन्ही चाकं एकदम खोलली तर बाबा दुकानासमोर उभे राहतात आणि "हे उजवं हाये, पाह्य" असं दोनदा सांगतात. लहानपणी मला हे सगळ्याच घरी असतं असं वाटायचं.

मागच्या वर्षी विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरून बाबांचा उजवा पाय घोट्यात मोडला. आत पट्टी टाकून स्क्रू लावले आहेत. पाय जुळला, पण जोर परत आला नाही. आणि आमच्या गाडीचे ब्रेक जुने, ड्रमचे. ते नुसते दाबून चालत नाहीत, अंगाचं वजन टाकून रोवावे लागतात. प्लास्टर निघाल्यावर बाबा आईला घेऊन बाजाराला निघाले, आणि नाल्यावरच्या रपट्याच्या, म्हणजे बुटक्या पुलाच्या, उतारावर समोरून शेळ्या आल्या. बाबांनी ब्रेक दाबला, गाडी थांबेना. शेवटी त्यांनी हँडब्रेक ओढून गाडी बाभळीत घातली. शेळ्यांना काही झालं नाही, बाभळीलाही फारसं नाही. आई खाली उतरली, पिशवी घेतली आणि पायी घरी आली.

त्यानंतर गाडी उभीच होती. त्या वर्षीच्या पोळ्याला ती चुलत काकांनी नेली आणि बाबा ओसरीतून पाहत बसले. मलकापूरकडच्या हायवेवर ढाबा असलेला एक माणूस अधूनमधून निरोप पाठवत होता, की गाडी द्यायची असेल तर सांगा. आई म्हणायची देऊन टाका. बाबा हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. या उन्हाळ्यात मी घरी आलो तेव्हा एकदा जेवताना ते म्हणाले, "यंदा पोळ्याले गाडी मी नेईन. नाई जमलं तर त्या ढाब्यावाल्याले बलाव." आई म्हणाली, "मंग मह्यासमोर एकदा थांबवून दाखवा, अन् न्या." एवढंच ठरलं. दोघंही पुढचं जेवण नीट जेवले.

डिस्क ब्रेकची कल्पना मिस्त्रींची. सोनाळ्याच्या रस्त्यावर त्यांचं टिनाच्या शेडमधलं गॅरेज आहे आणि बाबांची आणि त्यांची जुनी दोस्ती. ते म्हणाले, नव्या गाड्यांच्या पुढच्या चाकात डिस्क असते, तिला दोन्ही बाजूंनी कॅलिपर नावाचा लोखंडी जबडा चावतो, सोबत बूस्टर बसवला की पाय नुसता टेकवला तरी गाडी थांबते. खामगावच्या भंगारात तसल्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात. "फक्त एक हाये भाऊ," ते बाबांना म्हणाले, "जबडा मोठा असते. तुमच्या चाकात मावला पाह्यजे. नाईतर त्याच गाडीची चाकं बी घेऊन घेऊ, अलॉयची, चमकतेत कशी."

"चाकं हेच राहतीन."

"मंग मोजा लागन."

"हा मोजन ना," बाबा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "कॉलेजात हाये."

तेव्हापासून मिस्त्री मला 'कॉलेज' म्हणतात. कॉलेज, पान्हा दे. कॉलेज, चहा सांग.

मी अकरावीला भौतिकशास्त्राच्या प्रॅक्टिकलमध्ये व्हर्नियर हाताळला होता, पण त्याने एक छोटी पितळी गोळी मोजली होती. चाक त्यात कसं मावणार. मी अंगणात खोलून ठेवलेल्या डाव्या चाकाच्या आतल्या तोंडाइतकी वेळूची काडी कापली, ती घेऊन मिस्त्रींबरोबर खामगावला गेलो, आणि भंगारातल्या त्या हबवर, म्हणजे ज्यावर चाक बसतं त्या मधल्या भागावर, काडी आडवी धरून पाहिली. जबडा काडीच्या आत राहत होता. मिस्त्रींनीही पाहिलं. आम्ही दोघं "बसन" म्हणालो.

आणि आता डावं बसलं होतं आणि उजवं नव्हतं.

मी पहिली गोष्ट केली ती ही, की काडी आणून उजव्या चाकाच्या तोंडात बसवून पाहिली. डाव्यासारखीच बसली, अगदी घट्ट. मग मला काहीच समजेना. दोन्ही चाकं सारखी, दोन्ही जबडे सारखे, काडीही तीच, आणि एक फिरतं आणि एक अडकतं. मी मुकाट्याने काडी खिशात ठेवली. ती बाहेर अर्धी दिसत होती.

मिस्त्रींचं म्हणणं पडलं की उजवा हब वाकडा असेल. हब काढला, बेअरिंग धुतलं, ग्रीस भरलं, परत बसवला. खर्र. मग त्यांना वाटलं जबड्याच्या ओतकामात काही फुगवटा राहिला असेल. कानस घेऊन त्यांनी जबड्याचा कोपरा घासला. बराच घासला. खर्र जरा बारीक झाली, गेली नाही. मी म्हणालो, "अजून घासायचं का?" ते म्हणाले, "अजून घासला तं तुह्या बापाले दाबाले काही उरनच नाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी चाकाच्या मागे घालायला जाड लोखंडी चकती आणली. चाक थोडं बाहेर आलं आणि मोकळं फिरायला लागलं. मला फार बरं वाटलं. पण बाबा काठी टेकत आले, वाकले आणि बोल्टकडे पाहत राहिले. चाक बाहेर सरकल्यामुळे नटाला धरायला आटे थोडेच उरले होते.

"हे नटावर लटकून राह्यलं," बाबा म्हणाले.

"चालते भाऊ, बरेच लोक चालवतेत."

"मह्या घरचे बसणार हायेत ह्यात." चकती निघाली.

मग मिस्त्रींनी ती गोष्ट काढली जी माझ्याही मनात आदल्या दिवसापासून होती आणि बोलायचं धाडस होत नव्हतं. "भाऊ, एक काम करू. उजवं चाक डावीकडं लावून पाहू, डावं उजवीकडं. घासणं चाकाबरोबर गेलं तं रोग चाकात, इथंच राह्यलं तं हबात. दोन मिनिटांत समजते."

बाबा म्हणाले, "उजवा डावीकडे जुंपत नाई."

"लोखंड हाये भाऊ हे."

"मले माहीत हाये लोखंड हाये."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे आता कॉलेजाने काहीतरी बोलावं.  मला त्या क्षणी खरंच कळत नव्हतं की कोण बरोबर आहे. मिस्त्री बरोबर होते हे उघड होतं. पण बाबा चूक आहेत असं म्हणायला गेलं की माझ्या डोळ्यांसमोर पोळ्याच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ यायची. खांदशेकणीला लोक बैलांच्या खांद्याला हळद-तूप लावतात आणि त्यांना जेवणाचं आवतन देतात. बाबा चाकांसमोर बसून, बोटाने रिमला तूप लावून, कोणी ऐकत नाही ना हे पाहून पुटपुटतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आधी उजव्याला, मग डाव्याला. हे मी दरवर्षी पाहिलं आहे. त्याचं काय करायचं ते बी.एस्सी.च्या कुठल्याच वर्षाला नाही.

मिस्त्री हात पुसून निघून गेले. जाताना म्हणाले, "मंग तुमी दोघं बापलेक बसा विचार करत. मह्या गॅरेजात दुसऱ्या गाड्या हायेत."

पोळा जवळ येत होता, आणि मी कॉलेज बुडवून घरीच होतो. मी सकाळी उठून एकटाच त्या चाकाजवळ बसायचो, हाताने हळूहळू फिरवायचो आणि कुठे अडतं ते ऐकायचो. आत इतक्या वर्षांचा चिखल, ग्रीस आणि रंगाचे ओघळ होते की डोळ्यांनी काही दिसत नव्हतं. आई परसातून येता-जाता पाहायची. तिला वाटायचं ब्रेकचं काहीतरी चाललं आहे. एकदा तिने विचारलं, "सुटून राह्यलं का नाई?" मी म्हणालो, "पाहतो." ती "हाव" म्हणून गेली.

मग तो ढाबेवाला स्वतःच आला. कोणी बोलावलं ते मला माहीत नाही. आईला विचारायचं राहून गेलं. माणूस चांगला होता, बोलायला गोड. त्याने गाडीभोवती चक्कर मारली, डाल्याच्या फळीवर हात फिरवला आणि बाबांना विचारलं, "चाकं ओरिजिनल हायेत ना काका?"

"हाव," बाबा म्हणाले. "चाकं तेच हायेत. बापानं आणले तेव्हापासून."

"बस. मले इंजिन नसलं तरी चालते. ढाब्यासमोर सिमेंटच्या ओट्यावर उभी करतो, डाल्यात माती भरतो, गुलाब लावतो. लोक फोटो काढतेत आजकाल. फक्त चाकं ओरिजिनल पाह्यजेत, तेच दिसतेत फोटोत."

बाबांनी त्याला चहा पाजला, रस्त्यापर्यंत सोडायला गेले, आणि परत आल्यावर गाडीसमोर उभे राहिले.  मी ओसरीच्या खांबाला टेकून होतो.

"सिमेंटच्या ओट्यावर," ते म्हणाले. मला का स्वतःला, ते कळलं नाही. मग म्हणाले, "मिस्त्रीले फोन लाव. बदलून पाह्य म्हणा."

मिस्त्री आले. कोणी काही चेष्टा केली नाही. जॅक लावला, दोन्ही चाकं उतरवली. मी उजवं चाक लोटत डावीकडे नेलं. बाबा खाटेवर बसले होते, पाठ करून. डावं चाक उजवीकडे बसलं आणि मोकळं फिरलं. उजवं चाक डावीकडे बसवलं, मी झोका दिला. खर्र.

"चाकात हाये," मिस्त्री म्हणाले. पण त्यांच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. उलट तेही गोंधळलेले दिसले. "पण काऊन? काडी तं बसते."

त्याच वेळी आई चहा घेऊन आली. तिने चाकांकडे पाहिलं. रंगाच्या ओघळांवरून तिला कुठलं कुठे आहे ते ओळखू येत असावं. "अवं बाप्पा," ती म्हणाली, "उजवा डावीकडं लावला का तुमी?"

"घासून राह्यलं म्हणून," मी म्हणालो. "त्या चाकातच काहीतरी हाये."

"ते घासनच," आई म्हणाली आणि चहा मिस्त्रींपुढे धरला. "ते कुठं ह्या गाडीचं हाये."

मिस्त्रींनी कप घेतला नाही. बाबा खाटेवर वळले.

मग तिने सांगितलं, आणि सांगताना तिला वाटत होतं की ही काही मोठी गोष्ट नाही. तिचं लग्न झालं त्या वर्षी बाबा दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होते आणि गुजरातकडे गेले होते. पोळ्याला तिला माहेरून आणायला आबाजी, म्हणजे तिचे मामाजी, स्वतः पिकअप घेऊन आले. येताना रपट्यावर गाडी जोरात आदळली आणि पुढचं उजवं चाक फुटलं, रिमला हातभर तडा गेला. आबाजींनी तिला रस्त्याकडेच्या ओळखीच्या घरी बसवलं, खामगावला जाऊन भंगारातून दुसरं चाक आणलं, लावलं, घरी आल्याबरोबर लाल-पिवळा रंग दिला आणि तिला म्हणाले, "सूनबाई, पोराले सांगू नको. मी त्याले रोज रपट्यावर हळू चालव म्हणून बोलतो. मले हसन तो."

"अन् तू सांगतलं नाई," बाबा म्हणाले.

"तेव्हा नवी होती मी. मंग राहून गेलं. मंग मामाजी गेले. मले कोणी इचारलंच नाई चाकाचं." ती माझ्याकडे वळली. "अन् तू तं रोज तिथंच बसून होता. मले इचारलं का?"

 मिस्त्रींनी कप घेतला आणि एक घोट पिऊन म्हणाले, "वहिनी, मह्या कानशीचे पैसे तुमच्याकडून घेतो आता." आई हसली. बाबा हसले नाहीत.

ते उठले, काठी न घेताच, चाकाजवळ येऊन मोकळ्या खोक्यावर बसले आणि खुरप्याच्या टोकाने रिमच्या आतला रंग खरवडायला लागले. रंगाचा थर जाड होता, टवके निघत होते, लाल, पिवळा, परत लाल. खाली लोखंडात ठशाची अक्षरं निघाली. मग ते उठून दुसऱ्या चाकाकडे गेले आणि तिथेही खरवडलं. तिथली अक्षरं वेगळी होती. मिस्त्रींनी आत हात घालून दोन्हींचा पोटाचा भाग चाचपला. उजव्याची कड आत जास्त वळलेली होती. तोंड सारखं, पोट वेगळं. माझी काडी तोंडापर्यंतच पोचत होती. जुना ड्रम लहान होता, म्हणून इतकी वर्षं कधी समजलं नाही.

बाबा खुरपं ठेवून घरात गेले आणि भिंतीकडे तोंड करून निजले. दिवसाउजेडी. आई दोनदा दारात जाऊन आली. मला वाटलं आता संपलं. ते कोणावर रागावले होते, आईवर, आबाजींवर, की चाकावर, हे मला समजत नव्हतं, आणि विचारायचं कसं तेही समजत नव्हतं. एक विचार मला सारखा येत होता, की आता तर अडचणच उरली नाही. उजवं चाक ओरिजिनल नव्हतंच, मग मिस्त्रींची अलॉयची चाकं लावायला काय हरकत. हे मी त्यांना सांगावं का? मी पाण्याचा तांब्या घेऊन आत गेलो आणि तांब्या ठेवून बाहेर आलो.

सकाळी त्यांनी मला हाक मारली. आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ते तयार होते. अंगणात डाव्या चाकाचं टायर काढलेलं रिम पोत्यात बांधून ठेवलं होतं. मिस्त्रींना त्यांनी पहाटेच बोलावून ते काम करून घेतलं असावं.

"खामगावले चाल," ते म्हणाले.

"हे कायले न्यायचं?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी काहीच न शिकता मोठा झालो. "जोड लावाले," ते म्हणाले.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. जोडीतला एक बैल गेला तर राहिलेल्याला बाजारात सोबत नेतात. नवा त्याच्याशेजारी उभा करून पाहतात, उंची, चाल, रंग. मी हे ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. आमच्या घरी माझ्या जन्माआधीच बैल संपले होते.

एसटीत कंडक्टरने पोत्याला पाय लावून विचारलं, "काय हाये काका?"

"चाक."

"अन् गाडी?"

"गाडी घरी हाये."

"असं कसं काका, चाक गावाले चाललं अन् गाडी घरी." मागच्या बाकावरचे दोघं-तिघं हसले. बाबाही थोडे हसले. आदल्या दिवसापासून पहिल्यांदाच. मी पोतं दोन पायांच्या मध्ये धरून खामगावपर्यंत बसलो.

भंगारवाल्याकडे रिमांचा ढीग होता. मी आणि त्याचा माणूस एकेक काढून देत होतो. बाबा आमचं चाक जमिनीवर उभं करून त्याच्याशेजारी ते ठेवायचे, मागून पाहायचे, समोरून पाहायचे, मला दूर जाऊन पाहायला लावायचे. बोटाच्या पेराने वाजवायचे. आतून हात फिरवायचे. बरीच नाकारली. भंगारवाला गल्ल्यावरून पाहत होता. शेवटी म्हणाला, "दात बी पाहता का आता चाचा?"

"असते तं पाह्यले असते," बाबा म्हणाले.

जे मिळालं ते गंजलेलं होतं, पण ठसा तोच होता आणि आतलं पोटही. बाबांनी ते दोन्ही हातांनी उचलून पाहिलं आणि आमच्या चाकाजवळ ठेवलं. मग खिशातून मळका रुमाल काढून त्याच्यावरचा गंज थोडा पुसला. मी वेळूची काडी काढून आत धरायला लागलो तर म्हणाले, "राहू दे ते."

घरी नवं उजवं चाक बसलं. मिस्त्रींनी नट आवळले आणि बाजूला झाले. झोका मी द्यायचा की त्यांनी, असा प्रश्न होता. बाबांनी दिला. चाक फिरत राहिलं. जबडा आणि रिम यांच्यामध्ये माझं बोट जेमतेम जाईल एवढी फट होती. मी बोट घालून पाहिलं आणि चाक फिरत असताना असं करू नये म्हणून शिव्या खाल्ल्या.

खांदशेकणीच्या संध्याकाळी बाबा तूप-हळद घेऊन बसले. नव्या उजव्याला लावलं, डाव्याला लावलं. मग उठून मागे डाल्यात गेले. जुनं उजवं चाक, जे आमचं नव्हतं, ते त्यांनी स्टेपनीच्या जागी बांधून ठेवलं होतं. त्यालाही बोट लावलं.

"त्याले काऊन?" आई दारातून म्हणाली.

"इतके वर्ष चाललं ना."

आवतन त्यांनी तिघांनाही दिलं. मी ऐकतोय हे त्यांना माहीत होतं, तरी दिलं.

पोळ्याच्या दिवशी आई माझ्याआधी केबिनमध्ये चढून बसली. मला मधे कोंबलं. तिने पदर खोचून घेतला आणि समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरला. रपट्याच्या उतारावर बाबांनी गाडी मुद्दाम सोडली. खाली पाणी होतं, समोर कोणी नव्हतं. माझा उजवा पाय आपोआप खालच्या पत्र्यावर दाबला गेला. शेजारी पाहिलं तर आईचाही दाबलेला होता. बाबांनी पाय जरासा टेकवला आणि गाडी उभी राहिली, इतकी चटकन की आम्ही दोघं पुढे झुकलो.

आईने दांडा सोडला. "बरं," ती म्हणाली. "चला मंग. पुरण थंड होऊन राह्यलं."

तोरणाखाली रांग लागलेली होती. घुंगरं, झुली, पळसाच्या डहाळ्या, पोरांची धावपळ. बाबा त्या सगळ्यातून हळूहळू आले, रांगेच्या शेवटी, शेवटच्या बैलाच्या शेपटीपासून हातभर अंतरावर थांबले. कोणीतरी ओरडलं, "आली बे शेवटची जोडी." चुलत काका जवळ येऊन वाकले, चाकांकडे बघून म्हणाले, "रंग ताजा दिसते. चाकं बदलले का?"

"नाई बे," बाबा म्हणाले. "तेच हायेत."

मी आईकडे पाहिलं. ती खिडकीतून बाहेर बघत पदर नीट करत होती. हे खोटं होतं का, ते मला ठरवता आलं नाही. डाल्यात मागे तिसरं चाक होतं, तूप लावलेलं, आणि बाबांचा पाय अजून ब्रेकवरच होता, इंजिन बंद झालं तरी.